इंग्रजीत न आलेली फोर्कलिफ्ट

चाकणजवळ नाणेकरवाडीत राहणाऱ्या एका बाईनं मला माझं काम शिकवलं. ती एका गोदामात काम करायची आणि तिला इंग्रजी येत नव्हतं. माझी नोकरी मात्र इंग्रजी बोलण्याचीच होती.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. पिंपळे गुरवमध्ये आमचं घर. आजोबांच्या वेळी तिथं शेती होती, वडिलांच्या वेळी त्याच जमिनीवर भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. मी इंग्रजी घेऊन एम.ए. केलं, दोन वर्षं शाळेत शिकवलं आणि मग एका संस्थेत लागले. संस्थेला परदेशातून निधी यायचा. मुलींचं शिक्षण, बायकांचा रोजगार, घरातली आणि कामावरची समानता, अशी कामं चालायची. बाहेरून कुणी पाहणीला आलं की दुभाषी म्हणून सोबत जायचं आणि एरवी अहवाल लिहायचे, हे माझ्याकडे होतं. ऑफिसला मला भाऊ मोटरसायकलवरून सोडायचा आणि संध्याकाळी न्यायला यायचा. दिवसभर स्त्रियांच्या स्वावलंबनावर लिहून मी फाटकाशी त्याची वाट बघत उभी राहायचे. त्यात काही विचित्र आहे, असं तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्या वर्षी संस्थेनं चाकण भागात शिवणकामाचे वर्ग सुरू करायचे ठरवलं होतं. आराखडा तयार होता, मशिनी कुठून घ्यायच्या तेही ठरलं होतं. फक्त निधी देणाऱ्यांकडच्या एक बाई येऊन प्रत्यक्ष बायकांशी बोलणार होत्या. साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, सुती कुर्ता घालणाऱ्या. आम्ही त्यांना आपसात पाहुण्या बाई म्हणायचो. बैठक गुरुवारी ठेवली, कारण गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते आणि बायका भेटतात.

गाडीत आमचे सर पुढे बसले होते. सर म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख. वीस वर्षं या कामात घातलेला, सरळ मनाचा माणूस. ते मला म्हणाले, "बायका बोलायला लागल्या की भरकटतात. पाण्याचं सांगतील, घरमालकाचं सांगतील. तू मुद्द्याचं तेवढं सांग."

मी मान डोलावली. मला ते पटलंच होतं.

भाड्याच्या खोल्यांच्या एका चाळीपुढं मोकळी फरशी होती, तिथं सतरंज्या टाकल्या होत्या. पंचवीसेक बायका आल्या. कुणी लातूरकडच्या, कुणी परभणीच्या, कुणी कोकणातल्या, एकदोघी चाकणच्याच. पाहुण्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला काय शिकायला आवडेल?" मी मराठीत विचारलं. शिवणकाम, दोघीतिघी म्हणाल्या. एकीनं ब्लाउज शिवण्याचं नाव काढलं. सरांचा चेहरा खुलला.

मग मागून एक बाई उठली. चाळिशीच्या आसपासची, उंच, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घातलेला. तिला सगळ्या ताई म्हणत होत्या, मीही पुढं तेच म्हणायला लागले. ती बरंच बोलली. सहा वर्षं एकाच गोदामात ती खोक्यांवर स्कॅनर मारते, आठ तास उभी असते. नवीन पोरं येतात, तीनचार महिन्यांत फोर्कलिफ्टवर, म्हणजे माल उचलायच्या गाडीवर, बसतात. त्यांना शिकवतात, हिला कुणी विचारत नाही. "मला शिलाई येती," ती म्हणाली, "मला फोर्कलिफ्ट शिकायचीय."

बायका हसल्या. एकीनं तोंडाला पदर लावला. सरांनी घड्याळ पाहिलं. पाहुण्या बाई माझ्याकडे बघत होत्या.

मी इंग्रजीत सांगितलं, की या बाई खूप कष्टाळू आहेत, सहा वर्षं काम करतात, आणि नवीन काहीतरी शिकून पुढं जायची त्यांची इच्छा आहे.

मी असं का केलं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. सरांनी सांगितलं होतं, हे एक. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. बायका हसल्या तेव्हा मलाही ते हसण्यासारखं वाटलं होतं. साडीतली बाई फोर्कलिफ्टवर. मला वाटलं, हे जसंच्या तसं सांगितलं तर तिचंच हसं होईल. म्हणजे मी तिच्यावर मेहेरबानी करत होते. पाहुण्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, ताईकडे बघून हसल्या, आणि बैठक पुढं सरकली.

नंतर चहा झाला. मी नळाशी कप विसळत होते तेव्हा ताई शेजारी येऊन उभी राहिली.

"मॅडम, एक इचारू का?"

"विचारा ना."

"मी फोर्कलिफ्ट म्हणलं होतं. तुम्ही इंग्लिशमधी बोलायलात तवा मी कान देऊन ऐकायले होते. फोर्कलिफ्ट तर इंग्लिशच शब्द हाय ना?"

मी हो म्हणाले.

"मग तो आला कसा नाही?"

ती भांडत नव्हती. आवाज हळू होता, जवळपास कुणाला ऐकू जाऊ नये इतका. तिला खरंच कळून घ्यायचं होतं, की इंग्रजीत त्याला दुसरा काही शब्द आहे की काय. काहीतरी सारवासारव करता आली असती. मी म्हणाले, "माझ्याकडून राहिलं."

"राहिलं," ती म्हणाली. मग तिनं माझ्या हातातला कप घेतला, विसळला, पालथा ठेवला आणि गेली.

त्या दिवशी भाऊ मला घरी घेऊन आला. त्यानं दोनदा विचारलं, बरं नाही का. आईनं जेवायला वाढलं, ते मी नुसतं चिवडलं. ताईनं सगळ्यांसमोर विचारलं असतं तर मला राग तरी आला असता. तिनं मला बाजूला गाठून विचारलं, माझी लाज राखली, आणि मी तिच्या बाबतीत नेमकं उलटं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्या बाईंना हॉटेलवरून घेऊन देहूरोडला जायचं होतं, तिथं मुलींच्या एका गटाची भेट होती. सर परस्पर तिकडे येणार होते. गाडीत आम्ही दोघीच होतो, आणि चालक. गाडी हायवेला लागल्यावर मी सांगून टाकलं. काय बोलली होती ती, मी काय सांगितलं, का सांगितलं. बोलताना माझं इंग्रजी अडखळायला लागलं. नोकरी गेली, हे मी मनात धरलंच होतं.

पाहुण्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पिशवीतून वही काढली आणि आदल्या दिवशीचं पान मला दाखवलं. ताईच्या बोलण्यापुढं त्यांनी लिहिलं होतं, 'प्रेरित. शिवणकाम?'

"ती बाई दोन मिनिटं बोलली," त्या म्हणाल्या, "आणि तुझं एका वाक्यात संपलं. तेव्हाच मी विचारायला हवं होतं. मीही विचारलं नाही, कारण तुझं वाक्य माझ्या फॉर्ममध्ये नीट बसत होतं." मग त्यांनी विचारलं, "ती आज कधी भेटेल?"

पहिली शिफ्ट साडेतीनला सुटायची. देहूरोडची भेट आटोपून आम्ही दोघी चाकणला गेलो. निघताना सरांना सांगितलं तेव्हा ते चांगलेच वैतागले, पण पाहुण्यांपुढं काही बोलता येईना. आम्ही ताईच्या खोलीबाहेर पायरीवर बसलो. शेजारणीनं पाणी दिलं. चारच्या सुमाराला ताई आली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, चपला धुळीनं भरलेल्या. आम्हाला बघून दचकली. काही झालं का, असं तिनं आधी विचारलं.

"काही नाही झालं," मी म्हणाले. "काल माझ्याकडून जे राहिलं ते सांगायचंय. तुम्ही परत बोलाल का? एकेक वाक्य बोला. मी एकेक सांगते."

ती पायरीवर आमच्या शेजारी बसली आणि पुन्हा पहिल्यापासून बोलली. ती एक वाक्य बोलायची, मी एक बोलायचे. माझं इंग्रजी चालू असताना ती मान खाली घालून ऐकत असायची, कुणी वजनकाटा बघावा तशी. 'फोर्कलिफ्ट' आलं तेव्हा तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघून एकदा हलवली. मग पुढचं वाक्य बोलली.

पाहुण्या बाईंनी विचारलं, फोर्कलिफ्टच का, दुसरं काही का नाही?

"माझे पाय दुखतात, हे बी खरंय," ताई म्हणाली. "पण तसं नाही. गोदामात कोणता माल कुठं हाय, ते मला झोपेत बी सांगता येतंय. पोरं मलाच इचारतात, मग जाऊन उचलतात. मला वाटतंय, मीच उचलावं."

मी हे जसंच्या तसं सांगितलं. पाहुण्या बाई वचन देत नाही म्हणाल्या, आणि प्रयत्न करीन म्हणाल्या. तेही मी तसंच सांगितलं, कमी नाही की जास्त नाही.

पुढं सगळं फार भराभर झालं असं नाही. महिने गेले. शिवणवर्ग ठरल्याप्रमाणे सुरू झाले, आणि ते चांगले चालले. ज्यांना ते हवं होतं त्यांना त्याचा उपयोगही झाला, हे सांगायला हवं. पण आराखड्यात इतर कौशल्यांसाठी म्हणून एक छोटी जागा होती. पाहुण्या बाईंनी तिकडून पत्रांवर पत्रं लिहिली, आणि शेवटी सरांनीच त्यातून फोर्कलिफ्टच्या वर्गाला मंजुरी आणली. मला बोलावून म्हणाले, "सहा बायका तयार होतील का ते बघ. एकीसाठी वर्ग काढता येत नाही."

सहा मिळाल्या. आदल्या वर्षी ज्या हसल्या होत्या, त्यांतल्या दोघी त्यात होत्या. चाकणात गॅरेज चालवणाऱ्या एका चाचांची मुलगी होती, नुकती बारावी झालेली. चाचा स्वतः तिचं नाव द्यायला आले होते. म्हणाले, "इंजिन तर ती लहानपणापासून बघतेय. चालवू द्या आता."

शिकवणारा मिळणं अवघड गेलं. दोन ठिकाणी नको म्हणाले. शेवटी भोसरीच्या पलीकडे, दिघीच्या अंगाला, एकानं होकार दिला. जुन्या शेतकरी घरातला माणूस. पस्तीस वर्षं कंपनीत फोर्कलिफ्ट चालवून निवृत्त झालेला. घरामागं उरलेल्या जमिनीच्या तुकड्यावर त्यानं फरशी करून घेतली होती आणि एक जुनी फोर्कलिफ्ट घेऊन तो पोरांना शिकवायचा. पोरं त्याला उस्ताद म्हणायची.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा उस्ताद म्हणाले, "शिकवायला आमची काय ना न्हाई. पर बायांसाठी सोय न्हाई हितं." त्यांना संडासाचं म्हणायचं होतं. ते संकोचून दुसरीकडे बघत होते. घराच्या मागच्या दारात त्यांची बायको धान्य पाखडत होती, तिनं तिथूनच सांगितलं, "घरातलं वापरतील. त्यात काय इचारायचं?" एवढ्यावर तो प्रश्न मिटला. त्या मावशी पुढं दर गुरुवारी बायकांसाठी चहा करायच्या आणि दारात बसून सगळं बघायच्या.

फोर्कलिफ्टची मागची चाकं वळतात. हे मला तेव्हा कळलं. समोरचे काटे जिथल्या तिथं राहतात आणि मागचा भाग झपकन बाहेर जातो. पहिल्याच दिवशी ताईनं वळवताना पाण्याचं पिंप उडवलं. फरशीभर पाणी झालं. ताई खाली उतरली आणि उभी राहिली.

उस्ताद हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. म्हणाले, "आज पिंप गेलं. उद्या मानूस जाईल. म्हून आदी मागं बघायचं, मग चाक फिरवायचं. बसा परत."

ती परत बसली. रंगाचे रिकामे डबे ओळीनं मांडलेले असायचे, त्यांच्यामधून प्लास्टिकचे क्रेट घेऊन जायचं. तिसऱ्या गुरुवारी तिनं एकही डबा पाडला नाही. गॅरेजवाल्या चाचांची मुलगी तर दुसऱ्याच आठवड्यात बिनधास्त चालवायला लागली होती.

एक दिवस उस्ताद मला म्हणाले, "मॅडम, तुमी बी बसा की."

"मी नाही, मी नुसती बघायला येते."

"शिकल्याबिगर दुसऱ्याला काय सांगणार तुमी? लिहिता ना त्ये अहवाल?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी बसले. मी तोवर आयुष्यात सायकलीशिवाय काही चालवलेलं नव्हतं. दहा फूट पुढं गेले, दहा फूट मागं आले, आणि काटे वर नेऊन खाली आणले. एवढंच. तेवढ्यात भाऊ मला न्यायला फाटकात येऊन थांबला होता. त्यानं हेल्मेट काढलं आणि नुसता बघत राहिला. घरी जाताना म्हणाला, "तुला स्कूटर शिकवू का?" मला हसू आलं, कारण इतकी वर्षं ना त्याला हे सुचलं होतं ना मला. पुढच्या महिन्यात मी शिकले. वडील म्हणाले, "व्हय, शिक. मलाच आता रोज कुणीतरी दवाखान्यात न्यायला पायजे."

सहापैकी तिघींनी शिक्षण पूर्ण केलं. एकीच्या नवऱ्याची शिफ्ट बदलली आणि मुलांना बघायला कुणी राहिलं नाही. एकीला दिवस गेले. एकीला ते आवडलंच नाही; तिनं सरळ सांगितलं, मला भीती वाटते, मी शिवणच करते. मी अहवालात हे तिन्ही जसंच्या तसं लिहिलं. सरांनी वाचलं आणि काही न खोडता पुढं पाठवलं. त्यांच्यात आणि माझ्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही, पण मला त्याचं अप्रूप आहे.

प्रमाणपत्र मिळालं म्हणून सगळ्यांना काम मिळालं असं नाही. चाचांच्या मुलीला महाळुंग्याच्या एका गोदामात लगेच घेतलं. ताईच्या सुपरवायझरनं मात्र सांगितलं, की कागद असू द्या, आमच्याकडे लेडीज ऑपरेटर नाहीत. आम्ही संस्थेचं पत्र दिलं, त्याचं उत्तर आलं नाही. ताई स्कॅनर मारत राहिली. पण दर सोमवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी ती सुपरवायझरपुढं जाऊन उभी राहायची आणि विचारायची, "साहेब, टेस्ट कधी घेताय?" मी तिला विचारलं, तो चिडत नाही का? म्हणाली, "चिडतोय की. मी इचारून कामाला लागते."

पाच महिन्यांनी त्यानं टेस्ट घेतली. ती पास झाली. तरी तिला मालाला हात लावू दिला नाही. मागच्या बाजूला रिकाम्या पॅलेटचे, म्हणजे माल रचायच्या लाकडी फळ्यांचे, ढीग असतात, ते इकडून तिकडे हलवायला दिलं. तिथं कुणी फिरकत नव्हतं. वर्षभर तिनं तेच केलं. त्या वर्षात तिच्या हातून एकही पॅलेट मोडलं नाही, आणि ट्रक लवकर भरायला लागले. रिकामी पॅलेटं हवी तिथं, हवी तेव्हा तयार असायची. मग एका सकाळी सुपरवायझरच येऊन म्हणाला, की उद्यापासून ट्रक लागतात तिकडे या. ताईनं मला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत फोन केला. "मी माल उचलला आज," एवढंच म्हणाली. मागं गोदामातला गोंगाट ऐकू येत होता. मी ऑफिसात होते, दोन मिनिटं जिन्यात जाऊन बसले.

तो प्रकल्प पुढं संपला. निधीची मुदत असते, ती संपते. पाहुण्या बाई निवृत्त झाल्या; नव्या वर्षाला त्यांचा एक मेल येतो आणि त्यात उस्तादांच्या बायकोच्या चहाची आठवण असते. उस्तादांकडे आता बायका स्वतःहून येतात. घराबाहेर त्यांनी वेगळं संडास बांधलं आहे.

मी अजून दुभाष्याचंच काम करते, वेगवेगळ्या संस्थांसाठी. बैठक सुरू व्हायच्या आधी मी बायकांना सांगते, की मी बोलत असताना लक्ष ठेवा, तुमचं काही राहिलं तर मला तिथंच थांबवा. सुरुवातीला त्या लाजतात. मग कुणीतरी थांबवतं. पाहणीला आलेले लोक कधी कधी घड्याळ बघतात, पण राहिलेलं सांगितल्याशिवाय मी पुढं जात नाही.

ताईचे आभार मात्र मी कधी नीट मानले नव्हते. मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस एका गुरुवारी तिच्याकडे जेवायला गेले होते. तिनं आता दोन खोल्या घेतल्या आहेत. तिची मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. ताईनं ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. जेवताना मी मधेच सांगून टाकलं, की त्या दिवशी तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, त्यानं माझं सगळं बदललं, आणि मी तुमची फार ऋणी आहे.

ती तव्यावरची भाकरी उलटत होती. म्हणाली, "त्यात काय. मला नुसतं इचारायचं होतं. तू दुसऱ्या दिवशी परत आलीस, ते लई झालं. आमच्याकडं एकदा बैठक झाली की माणसं परत येत नाहीत."

मग तिनं माझ्या ताटात गरम भाकरी टाकली आणि माझ्या आईचा दुखरा गुडघा कसा आहे, ते विचारलं. मी सांगायला लागले.